आवाज ऐकलेला माणूस

सुरतेतल्या लिंबायतवर उडती तबकडी आली त्या संध्याकाळी बन्सीलालने काही म्हणता काही पाहिलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे उगाच कुणी आकाशाकडे डोळे लावून बसायला नको.

श्रावण होता. ढग इतके खाली आले होते की वरच्या मजल्यावरच्या बायकांना दोरीवर कपडे घालायलाही कंटाळा यायचा. दिवेलागणीला लाइट गेली आणि खात्यातले, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यातले, सगळे लूम एकदम थांबले. लूम थांबले की कारीगरांना कसं मोकळं मोकळं वाटतं. कानावरचं ओझं उतरतं, माणसं खाकरतात, एकमेकांना हाका मारतात. बन्सीलालला तसं काही व्हायचं नाही. त्याच्या कानात लूम चालूच राहायचे. मिसरूड फुटायच्या आधी तो खानदेशातल्या शिंदखेड्याहून सुरतेला आला तो थेट या खटखटीत येऊन उभा राहिला, आणि खटखटीने हळूहळू त्याचे कान खाऊन टाकले. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी गेली, मग माणसांचं बोलणं गेलं.

तर लाइट गेली, आणि बाहेरून कुणीतरी ओरडलं असावं, कारण सगळे कारीगर हातातलं टाकून गल्लीच्या टोकाला खाडीकडे पळाले. बन्सीलालला वाटलं, कुणाचा तरी हात यंत्रात सापडला, नाहीतर ट्रान्सफॉर्मर उडाला. तो दारात आला आणि तिथेच उभा राहिला. समोर साड्यांच्या गोडाउनची उंच भिंत. तिच्यावर टीचभर आकाश, तेही काळं. त्याने तंबाखू मळली, दाढेखाली ठेवली. थोड्या वेळाने मंडळी परत आली ती हातवारे करत. हात गोल गोल फिरत होते, बोटं वर जात होती, डोळे मोठे झाले होते. वर काहीतरी होतं एवढं त्याला कळलं. त्याने मान डोलावली. "हो, हो. बराबर."

हे "हो, हो, बराबर" म्हणजे बन्सीलालची सगळी कमाई होती असं म्हटलं तरी चालेल. समोरचं तोंड दिसत असलं तर तो ओठांवरून बरंच ओळखायचा, खात्यात सगळेच तसं करतात. पण तोंड वळलं, अंधार झाला किंवा बोलणाऱ्याला भरघोस मिशा असल्या, की बन्सीलाल मान डोलवून मोकळा. बहुतेक माणसांना होकारच हवा असतो, त्यामुळे त्याचं कधी अडलं नाही. उलट, बन्सीलाल म्हणजे मोठा शांत माणूस, कुणाशी वाद नाही, कुणाला नाही म्हणणं नाही, असं त्याचं नाव झालं होतं.

ऐकू येत नाही असं सरळ सांगितलं असतं तर काय झालं असतं? पण त्याच्या डोळ्यांसमोर दगा यायचा. दगा त्यांच्याच खात्यात होता, ठार बहिरा. दिवाळीत कुणीतरी त्याच्या पाठीमागे सुतळी बॉम्ब लावला होता आणि दगा आपला शांतपणे चहा पीत बसला होता. अख्खं खातं पोट धरून हसलं. बन्सीलालही हसला, इतरांपेक्षा जरा जास्तच. त्याच वर्षी त्याला कळलं होतं की कुकरची शिट्टी आपल्याला ऐकू येईनाशी झाली आहे.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवाला आला. ललितभाई नावाचा, तरतरीत, गुजराती चॅनेलचा. तोवर कुणाच्या तरी फोनमधला व्हिडिओ साऱ्या सुरतेत फिरला होता. काळ्या ढगांत तीन उजळ चकत्या गरगर फिरतायत आणि मागून बायका "अरे बाप रे" करतायत, असा. कुणी म्हणालं चीनचं यान, कुणी म्हणालं परग्रहावरची माणसं. अमेरिकेच्या संसदेतसुद्धा यावर सुनावण्या झाल्यात, सरकार सगळं दाबून ठेवतं, असंही पानाच्या टपरीवर एकजण छातीठोकपणे सांगत होता. ललितभाईला साक्षीदार हवा होता. पोरं फार बडबड करत होती, म्हणून त्याने दारात उभा असलेला पांढऱ्या मिशांचा, गंभीर चेहऱ्याचा बन्सीलाल निवडला.

"काका, तमे जाते जोयुं?" स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत का, असं त्याने माइकचं बोंडुक आपल्या तोंडासमोर धरून विचारलं. झालं! ओठ माइकमागे गेले. बन्सीलालला दिसलं ते एक काळं बोंडुक आणि दोन उत्सुक डोळे.

"हो," बन्सीलाल म्हणाला.

"खिडकी हती? अंदर माणस हता?"

"हो, हो."

"अने अवाज? अवाज पण सांभळ्यो?"

"बराबर."

त्या चार शब्दांवर बन्सीलाल प्रसिद्ध झाला. आपण काय बोललो हे त्याला संध्याकाळी चहाच्या टपरीवर कळलं. टीव्हीवर त्याचा चेहरा, आणि खाली मोठ्या गुजराती अक्षरांत लिहिलेलं, लिंबायतच्या कारीगराने यान पाहिलं, आत माणसं पाहिली, यानाचा आवाज ऐकला. बन्सीलालने अक्षर अक्षर लावून ते वाचलं. शेवटच्या शब्दावर त्याच्या कानशिलांना घाम फुटला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण टपरीवाल्याने फडक्याने बाकडं पुसून त्याला बसायला दिलं. ज्या सेठने त्याला जन्मात कधी नावाने हाक मारली नव्हती, त्याने खांद्यावर हात ठेवला. गल्लीत साड्यांवर टिकल्या लावून घेणाऱ्या सरलाबाई आपल्या भाचरांना घेऊन आल्या, हे बघा, हेच ते बाबा. आणि गंमत अशी की बन्सीलालला नवं काही खोटं बोलावंही लागलं नाही. लोकच सगळं सांगायचे. यान निळं होतं ना? हो. घरघर करत होतं ना, मोठ्या मोटरीसारखं? हो, बराबर. लोक आपापलं यान घेऊन येत आणि बन्सीलालकडून त्यावर शिक्का मारून नेत.

त्याची बायको कलाबाई हिला नवऱ्याच्या कानांची खरी अवस्था माहीत होती. ती त्याच्या दंडाला हात लावून, तोंड समोर करून बोलायची, आणि बाहेर कुणाला पत्ता लागू द्यायची नाही. तिनेही यावर विश्वास ठेवला, पण आपल्या पद्धतीने. "यासले ऐकू उना म्हंजे आवाज कितला मोठा व्हई!" असं ती आपल्या अहिराणीत मनाशी म्हणाली आणि देवाला हात जोडले.

राहता राहिली चंचल.

चंचल ही त्यांची एकुलती एक मुलगी. फिजिक्स घेऊन एम.एस्सी. झालेली, कॉलेजात प्राध्यापकांच्या हाताखाली काम करणारी. पप्पांना जरा मोठ्याने सांगावं लागतं एवढं तिला ठाऊक होतं, पण लूमवाल्यांच्या घरात सगळेच मोठ्याने बोलतात. पप्पा कमी बोलतात हा तिला त्यांचा स्वभाव वाटायचा. आणि पप्पा नाही म्हणत नाहीत याचा तर तिला केवढा अभिमान. दहावी झाल्यावर सारे नातेवाईक म्हणत होते, मुलीला शिवणाच्या नाहीतर साड्यांवर टिकल्या लावायच्या कामाला घाला. तिने घाबरत घाबरत पप्पांना विचारलं, मी सायन्स घेऊ का? पप्पा सायकलची साखळी बसवत होते. मान वर न करता म्हणाले, "हो, हो. बराबर." ही गोष्ट तिने कॉलेजात बक्षीस घेताना सांगितली होती, मैत्रिणींना सांगितली होती, नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा सांगितली होती. माझ्या बापाने क्षणभरही विचार केला नाही, असं म्हणताना तिचे डोळे भरून यायचे. बन्सीलालने ते भरलेले डोळे पाहिले होते.

सुरतभर बोभाटा झाल्यावर सरकारने चौकशी नेमली, आणि ती येऊन पडली नेमकी चंचलच्या प्राध्यापकांकडे. महेश सर म्हणजे समंजस माणूस. त्यांनी तिला सांगितलं, तुझे वडील साक्षीदार आहेत, तेव्हा साक्षी तू घ्यायच्या नाहीत, तू फक्त कोण कुठे उभं होतं त्याचा नकाशा सांभाळ. आठवडाभरात उलगडाही झाला. खाडीपलीकडच्या एका मंडपवाल्याने कानबाई देवीच्या मिरवणुकीसाठी झोताचे मोठे दिवे आणले होते आणि त्या संध्याकाळी गच्चीवर जनरेटर लावून ते फिरवून पाहिले होते. खालच्या ढगांवर झोत पडले, आणि लाइट गेल्यामुळे अंधारात ते जास्तच उठून दिसले. सगळं जुळत होतं. एकच गोष्ट अडत होती. दिव्यांच्या झोताला आवाज नसतो, जनरेटरची घरघर खाडी ओलांडून इथवर येत नाही, आणि एका माणसाने आवाज ऐकला होता.

चंचलने घरी विषय काढला तो चुलीशी पाठमोरी उभी राहून. बापाच्या डोळ्यांत पाहून असं विचारायचा तिला धीर झाला नसावा. फोडणी तडतडत होती, पंखा घरघरत होता. "पप्पा," ती म्हणाली, "मला खरं सांगा. तुम्ही आवाज ऐकला होता ना? सर विचारतायत. माझे पप्पा खोटं बोलत नाहीत असं मी त्यांना सांगू का?"

तिचे खांदे हलले म्हणून ती काहीतरी बोलली, एवढंच बन्सीलालला कळलं.

"हो, हो," तो म्हणाला. "बराबर."

चंचलने दुसऱ्याच दिवशी सरांना शब्द दिला.

रविवारी सकाळी महापालिकेच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. खुर्च्या कमी पडल्या, माणसं खिडक्यांत चढून बसली. बन्सीलालने कानबाईच्या सणासाठी जपून ठेवलेला नवा सदरा घातला होता. त्याला पहिल्या रांगेत बसवलं. शेजारी कलाबाई, डोक्यावर पदर. समोर टेबलामागे महेश सर, दोन सरकारी माणसं, आणि कडेला नकाशा घेऊन चंचल. मागे टीव्हीवाल्यांची रांग लागली होती.

महेश सरांनी हिंदीतून दिव्यांची गोष्ट समजावून सांगितली. हॉल नाराज झाला. सगळ्या सुरतेत ज्यांची वाहवा झाली, तेच लोक आता मंडपाच्या दिव्याला यान समजणारे अडाणी ठरणार होते, आणि ते कुणाला आवडेल? कुणीतरी ओरडलं, "मग आवाजाचं काय? बन्सीभाऊंनी ऐकलाय!" हॉलभर तेच सुरू झालं. आवाज, आवाज.

बन्सीलालला फक्त उघडझाप करणारी तोंडं दिसत होती. पण सगळी आपल्याकडे वळली आहेत हे त्याने ओळखलं.

महेश सरांनी हात वर केला. "म्हणूनच त्यांना बोलावलंय," ते म्हणाले. "बाकी सगळं जुळतंय. पण आमच्या चंचलबेननी सांगितलंय की त्यांचे वडील खोटं बोलत नाहीत. मी तिचा शब्द मोडणार नाही. काका, उठा."

कलाबाईने दंडाला हात लावला. बन्सीलाल उठला. त्याच्या हातात एक माइक आला. महेश सरांनी दुसरा आपल्या तोंडाशी धरला, अगदी ओठांना चिकटवून.

"काका, आपने आवाज सुनी थी?"

काळं बोंडुक. दोन डोळे.

"हो," बन्सीलाल म्हणाला.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. टाळ्या त्याला दिसल्या आणि बरं वाटलं. चंचलकडे पाहिलं तर तिचा चेहरा उजळला होता. तेवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित सारंच निभावलं असतं.

"कैसी थी आवाज?" महेश सरांनी विचारलं. "भारी थी या पतली?"

"हो," बन्सीलाल म्हणाला.

सरांनी हसून पुन्हा विचारलं, "मतलब, किसके जैसी थी?"

"हो, हो. बराबर."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. महेश सरांनी माइक खाली घेतला आणि ते टेबलाकडे पाहू लागले. पण चंचल उठली. तिचं डोकं एकदा चालायला लागलं की मग ती समोर कोण आहे हे पाहत नसे, तसंच तिला शिकवलेलं होतं. ती बापाच्या जवळ येऊन उभी राहिली, हातातला नकाशा तिने तोंडासमोर धरला, आणि त्याच्याआडून नेहमीच्या आवाजात विचारलं, "पप्पा, माझं नाव काय?"

बन्सीलालला नकाशाच्या वर दोन डोळे दिसले, आपल्या मुलीचे. ते काहीतरी विचारत होते. त्या डोळ्यांना त्याने कधीही नाही म्हटलं नव्हतं.

"हो," तो प्रेमाने म्हणाला. "बराबर."

हॉल हशाने फुटला. खिडक्यांतली पोरं हसली, सेठ हसला, सरलाबाई पदर तोंडात कोंबून हसल्या. टीव्हीवाल्यांचे कॅमेरे पुढे सरकले. बन्सीलालने भोवताली पाहिलं. असं हसणं त्याने पूर्वी पाहिलं होतं. उघडी तोंडं, गुडघ्यांवर मारलेले हात, डोळ्यांतलं पाणी, आणि मधोमध चहा पीत बसलेला दगा. फक्त दगाला कळलं नव्हतं, आणि याला कळत होतं. अंगावरचा नवा सदरा त्याला नकोसा झाला.

चंचलने नकाशा खाली घेतला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आपण काय करून बसलो हे तिला आता कळलं होतं.

बन्सीलालने माइक तोंडाशी धरला. गुजराती नाही, हिंदी नाही, त्याच्या तोंडून घरचीच भाषा बाहेर पडली.

"मी काही देखं नही," तो म्हणाला. "आवाजबी ऐका नही. माले ऐकूच येस नही, कितलाक वरीसथून. मनी अंडेर, मनी चंचल, खोटी नही. तिले मीच फसाडं."

हसणं हळूहळू विरलं. ते विरलं हेसुद्धा त्याला तोंडं मिटताना पाहूनच समजलं. महेश सर उठून काही बोलले, हात जोडून, बहुधा चांगलंच बोलले असतील. बन्सीलालने मान डोलावली नाही. तो माइक खुर्चीवर ठेवून बाहेर पडला.

कलाबाई सरलाबाईंबरोबर रिक्षाने पुढे गेली. बाप आणि लेक खाडीच्या रस्त्याने चालत निघाले. रविवार असूनही काही खाती चालू होती, त्यांच्या पत्र्यांतून खटखट बाहेर येत असणार, कारण पायांखालची जमीन थरथरत होती. बन्सीलाल लाजेने अर्धा झाला होता. टपरीवरून जाताना त्याने टपरीकडे पाहिलं नाही. आपल्यापायी पोरीला सरांसमोर मान खाली घालावी लागली, उद्या कॉलेजात तिला काय काय ऐकावं लागेल, या विचाराने त्याला चालणंही जड जात होतं.

चंचल मध्येच थांबली. त्याच्या समोर येऊन उभी राहिली. आईसारखाच तिने त्याच्या दंडाला हात लावला आणि सावकाश, ओठ नीट उघडून विचारलं, "पप्पा, मी सायन्स घेऊ का म्हणून विचारलं होतं. तुम्ही सायकलची साखळी बसवत होतात. तेव्हा तुम्हाला ऐकू आलं होतं?"

या वेळी त्याला एकेक अक्षर कळलं. मान सवयीने वर उचललीही गेली होती. त्याला ते भरलेले डोळे आठवले, ते बक्षीस, "माझ्या बापाने क्षणभरही विचार केला नाही" हे तिचं वाक्य. आपण कशाला हो म्हणालो हे त्याला पुस्तकं घरात आली तेव्हा कळलं होतं, आणि तेव्हाही तो गप्प बसला होता.

"नही," बन्सीलाल म्हणाला.

चंचलने तोंड खाडीकडे फिरवलं आणि काहीतरी विचारलं. बन्सीलालने तिच्या खांद्याला हात लावला.

"परत सांग," तो म्हणाला. "माले ऐकू नही उनं."

हे वाक्य त्याच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. चंचल पुन्हा त्याच्याकडे वळली. तिचे ओठ थरथरत होते, त्यामुळे वाचायला जरा वेळ लागला.

"मी म्हटलं, ऐकू आलं असतं, तर हो म्हणाला असतात?"

तिने सायन्सचं विचारलं त्या महिन्यात त्याने सरलाबाईंशी बोलणं करून ठेवलं होतं. पोरीला साड्यांवर टिकल्या लावायला पाठवतो म्हणून. शब्द दिला होता. पुस्तकं आली आणि सरलाबाईंना तोंड दाखवायची चोरी झाली, याचा त्याला तेव्हा रागच आला होता. पण आपण मोठ्या मनाचे बाप ठरलो आहोत हे त्याच्या लक्षात आलं, आणि मग त्याने तो राग गिळला.

आता हो म्हणणं किती सोपं होतं. आयुष्यभर तेच तर केलं.

"नही," बन्सीलाल म्हणाला.

या वेळी चंचलने तोंड खाडीकडे फिरवलं नाही. बोलली असती तर त्याला कळलं असतं. तो तिच्या तोंडाकडेच बघत उभा होता.